हात वर केल्याशिवाय

१

ऑफिसात हल्ली माझ्याबद्दल एकच बोललं जातं: म्हातारा शिष्ट झाला. समोरून कुणी हात केला तर मी नुसती मान हलवतो. बस थांबवायला हात दाखवावा लागतो, म्हणून दोन मैल चालत येतो. मीटिंगमध्ये काही विचारायचं असलं तर गप्प बसतो. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं. माझे दोन्ही हात खिशात असतात. ते का, हे सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागेल.

माझं काम किनारा मोजायचं. समुद्र दर महिन्याला किती आत आला, वाळू किती धुपली, ते बघायचं. महिन्यातून एकदा, मोठी ओहोटी असते त्या दिवशी. माझी थोरली बहीण अगदी किनाऱ्यावर राहते, शेवटच्या रांगेत. तिच्या मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात खुणेचा दगड आहे. त्या दगडापासून पाण्यापर्यंत सरळ रेघ धरायची आणि रेघेवर दर दहा पावलांना एक जागा मोजायची. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा एकतीस जागा होत्या. आता वीस उरल्यात, बाकीच्या पाण्यात गेल्या.

दगडापाशी तिपाईवर लेव्हल लावून मी उभा राहतो. लेव्हल म्हणजे मोजणीची दुर्बीण. दुसरा माणूस आकड्यांची उंच पट्टी घेऊन एकेका जागेवर जातो आणि पट्टी सरळ उभी धरतो. मी काचेतून आकडा वाचतो, वहीत उतरवतो आणि हात वर करतो. हात वर म्हणजे झालं, पुढच्या जागेवर चला.

आमची लेव्हल जुनी. तिच्यात सगळं उलटं दिसतं. समुद्र वर, आभाळ खाली, आणि पट्टीवाला दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखा डोकं खाली करून लोंबतो. नव्या माणसाला गरगरतं. मला इतकी सवय झाली होती की नुसत्या डोळ्यांनी किनारा बघितला की तोच चुकीचा वाटायचा.

पट्टीवाला म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. नोकरी मीच लावून दिली होती, आणि पहिल्याच महिन्यात माझी वाचणी पुरी व्हायच्या आत ते पुढच्या जागेकडे चालू लागले. त्यांना वाटलं झालं. अख्खा दिवस पाण्यात गेला, कारण भरती काही आपल्यासाठी थांबत नाही. मी तेव्हा तरुण, साहेबी नुकतीच अंगात आलेली. चारचौघांत त्यांना ताडताड बोललो. "माझा हात वर दिसल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही."

दाजींनी ऐकून घेतलं. ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आणि त्या दिवसापासून दाजी हात दिसल्याशिवाय कधी म्हणून हलले नाहीत. एकदा गांधीलमाशी चावून मान टम्म सुजली, तरी पट्टी सरळच. एकदा मी वहीत गुंतलो आणि हात करायला विसरलो, तर गुडघ्यापर्यंत पाणी आलं तरी उभे. वर मलाच म्हणतात, "साहेबांचा हुकूम." तो त्यांचा सूड होता की थट्टा, मला कधी कळलं नाही. माफी मागेन मागेन म्हणता राहून गेली. पुढे त्यांचे कान गेले, तेव्हापासून तर हाताशिवाय इलाजच उरला नाही.

त्यांच्या दोन सवयी सांगून ठेवतो. एक म्हणजे ताईच्या डब्यातले वीस शिंपले डाव्या खिशात घालून निघायचे आणि दर जागेला एक उजव्या खिशात टाकायचा, म्हणजे मोजदाद चुकत नाही. दुसरी म्हणजे उभं राहून कंटाळा आला की उजव्या पावलाने डावी पोटरी घासायची. काचेत उलटे लोंबत असताना ते पोटरी घासायला लागले की मला हटकून हसू यायचं.

२

दाजींच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. मोजणी आटपून आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात चहाला बसलो. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढलेली होती आणि खिडकीच्या काचांवर मिठाचा पांढुरका थर होता, ताई तो रोज पुसायची. दाजींनी उजव्या खिशातले शिंपले टेबलावर मांडले. वीस.

मी वही उघडली. वहीत एकवीस आकडे होते.

"एक जास्त आहे," मी मोठ्याने म्हणालो.

"शिंपले मोज," दाजी म्हणाले. "वीसच आहेत. हा डबा तुझ्या वहीपेक्षा जुना आहे."

मी पुन्हा मोजलं. एकविसावा आकडा माझ्याच अक्षरात होता, नीट, घाई न करता लिहिलेला. विसावी जागा पाण्याच्या काठावर. त्यापुढे पट्टी धरायची तर समुद्रात उभं राहायला हवं.

"तुम्ही विसाव्यानंतर पाण्यात शिरला होतात का?"

"मला कशाला पाण्यात उतरवतोस? तू विसाव्याला हात केलास, मी परत निघालो. वळून दहा पावलं आलो तर तू पुन्हा हात वर केलास. मी म्हटलं, साहेब कुणाला हात करतायत? मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. मग वाटलं माशी मारत असशील."

मला दुसऱ्यांदा हात केल्याचं मुळीच आठवत नव्हतं. पण तीस वर्षांची सवय वाईट असते. पट्टी दिसली की डोळा आकडा वाचून मोकळा होतो, बोटं लिहितात, हात वर जातो, आणि मन मागाहून येतं. म्हणजे मी पट्टी बघितली होती. पट्टी एकच, आणि ती दाजींच्या खांद्यावर आडवी होती.

मी तो आकडा खोडला. ताई कप उचलता उचलता म्हणाली, "दोघंही म्हातारे झालात. आता हे तीन महिने सांभाळून काढ रे. मला माझा माणूस धडधाकट परत दे, बाकी तुझा समुद्र तुलाच लखलाभ."

"देतो," मी म्हणालो. गमतीतच म्हणालो.

३

पुढच्या महिन्यात आभाळ भरलेलं होतं. पाऊस नव्हता, वारा मात्र समुद्राकडून सरळ तोंडावर येत होता आणि लाटांच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दाजी पहिल्या जागेवर जाऊन उभे राहिले, माझ्यापासून दहा पावलांवर. मी काचेला डोळा लावला.

इतक्या जवळचं बघायचं तर काच जुळवून घ्यावी लागते. जुळवायचा स्क्रू फिरवताना तो आधी लांबच्या टोकाला गेला, आणि पाण्याचा काठ स्वच्छ दिसला. तिथे एक माणूस उभा होता. हातात पट्टी.

मला आधी काहीच वाटलं नाही. किनाऱ्यावर माणूस असायचाच. काय चुकतंय हे कळायला मला दोन श्वास लागले. तो माणूस सुलट उभा होता. डोकं वर, पाय खाली. त्या काचेत समुद्र छतासारखा वर होता, आभाळ खाली होतं, आणि त्या सगळ्या उलट्या पसाऱ्यात तो एकटा सुलट.

मी डोळा काढून नुसता बघितला. विसाव्या जागेवर कुणी नव्हतं. ओली वाळू आणि फेस. पुन्हा काचेला डोळा लावला. तो होता. हलत नव्हता. पट्टी त्याने अगदी दाजी धरतात तशी, दोन्ही तळव्यांत, नाकासमोर धरली होती. चेहरा दिसण्याइतका तो जवळ नव्हता, आणि त्याबद्दल मी आजही आभार मानतो. कशाची तरी वाट बघावी तसा तो उभा होता.

मी लेव्हल सोडून दाजींकडे गेलो आणि त्यांच्या कानाशी ओरडलो, "चला. आज काम बंद. यंत्र बिघडलंय."

"आधी हात कर," दाजी म्हणाले.

"अहो, मी समोर उभा राहून सांगतोय ना."

"हात दिसल्याशिवाय हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही." आणि वर मिश्किल हसले.

मला हात करवेना. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी त्यांचा दंड धरला आणि अक्षरशः ओढत कुंपणापर्यंत आणलं. हसतच होते ते, पण घरात शिरेपर्यंत पुटपुटत होते की तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि मोडला कुणी, तर साहेबांनी.

४

आमच्या ऑफिसच्या प्रमुख म्हणजे डॉक्टरबाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, हुशार आणि सरळ बाई. त्यांची खोली कायम गार आणि पाण्याच्या मोटारींच्या घरघरीने भरलेली. टेबलावर काचेच्या टाक्या आणि टाक्यांत प्रवाळ, रंग उडून पांढरेफटक पडलेले.

"मेले का हे?" मी विचारलं. मुद्द्यावर यायचं टाळत होतो.

"नाही, मेलेले नाहीत अजून. आत राहणारं जे जिवंत असतं ना, रंग देणारं, खाऊ घालणारं, ते पाणी तापल्यावर निघून जातं. आकार जसाच्या तसा राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे." त्या टाकीवर झाकण ठेवत म्हणाल्या. "बोला, मागच्या महिन्याची पाटी कोरी का?"

मी सांगितलं. जेवढं शहाण्या माणसाला सांगता येईल तेवढंच सांगितलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं.

"ओली वाळू म्हणजे आरसा. पाण्यातलं प्रतिबिंब उलटं असतं. तुमची जुनी लेव्हल त्या उलट्याला पुन्हा उलटं करते, म्हणून सुलट दिसतं. बास. तुम्ही प्रतिबिंब बघितलंत."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. साधी गोष्ट, तीस वर्षांत मला सुचू नये. दारापर्यंत गेलो आणि थांबलो.

"पण बाई, प्रतिबिंब कुणाचं तरी असावं लागतं ना? दाजी तर पहिल्या जागेवर होते."

"मग दुसरं कुणी असेल."

"नुसत्या डोळ्यांना कुणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ती नजर मला आवडली नाही. "डोळे तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि या यंत्रावरची पुढची मोजणी शेवटचीच. तुमचे दाजी निवृत्त झाले की नवं यंत्र येतंय. त्यात सगळं सुलट दिसतं."

मी डोळे तपासून घेतले. वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणाले.

५

दाजींची शेवटची मोजणी मी टाळू शकलो असतो. आजारी पडू शकलो असतो. पण तीस वर्षांच्या नोंदीत आधीच एक भोक पडलं होतं, आणि दाजींनी त्या दिवसासाठी नवा शर्ट काढला होता. शिवाय प्रतिबिंबाचं चित्र माझ्या खिशात होतं. सुशिक्षित माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

मी एक युक्ती केली. लेव्हलची काच जवळच्या वस्तूवर जुळवली की लांबचं सगळं धुरकट होतं. मी ठरवलं, काच फक्त दाजींच्या पट्टीवर जुळवायची, पलीकडचं बघायचंच नाही. पहिली जागा. आकडा, वही, हात. दाजींनी शिंपला टाकला आणि पुढे गेले. दुसरी. तिसरी. पाचव्या जागेला मी शीळ घालत होतो.

माझी चूक अशी की दाजी जसजसे लांब जातील तसतशी काचही लांबवर जुळवावी लागणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सातव्या जागेला दाजींच्या पलीकडे धुरात एक उभी रेघ दिसायला लागली. आठव्याला ती रेघ जाड झाली. मी मनाशी म्हटलं, लाकूड आहे, वाहत आलेलं. नवव्याला त्या लाकडाला खांदे होते. मी आकडा लिहिला आणि माझा हात वर गेला. मी सांगितलं ना, हात आधी जातो.

दाजी दहाव्या जागेवर पोचले, पट्टी उभी केली. मी स्क्रू फिरवला आणि दोघंही एकदम स्वच्छ झाले.

दाजी नेहमीसारखे उलटे लोंबत होते. त्यांच्यापलीकडे, अकराव्या जागेवर, तो सुलट उभा होता. दोन महिन्यांपूर्वी मी विसाव्यापाशी त्याला हात केला होता. आज मी नऊ वेळा हात वर केला होता, आणि विसातून नऊ गेले अकरा. मी दाजींना एकेक जागा समुद्राकडे पाठवत होतो, आणि त्याच हाताने त्याला एकेक जागा इकडे आणत होतो. तो आमच्याच शिस्तीत चालत होता. हात दिसल्याशिवाय एक पाऊल नाही.

आता मधे जागा उरली नव्हती. पुढच्या हाताला दाजी अकराव्यावर जाणार होते आणि तो दहाव्यावर येणार होता, आणि जाताना एकमेकांच्या अंगावरून जाणार होते.

मी लेव्हल सोडली आणि धावलो. वाळूत पाय रुततात, वय झालेलं, वारा तोंडावर. दाजींना ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी ओरडलो, "दाजी, थांबा, तिथेच थांबा." आणि थांब म्हणताना माणूस जे करतो तेच मी केलं.

मी हात वर केला.

तो हात वर असतानाच मला कळलं. कुठल्याही दुसऱ्या माणसाला तो थांबा असाच वाटला असता. मी हात खाली ओढला, पण हात काही परत घेता येत नाही. वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली, मी डोळे चोळले आणि बघितलं.

दाजी दहाव्या जागेवरच उभे होते. जागचे हलले नव्हते. पट्टी नाकासमोर, नवा शर्ट वाऱ्यात फडफडतोय. माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्यांना हात दिसलाच नव्हता. मी जवळ गेलो, त्यांचा दंड धरला आणि म्हणालो, "चला घरी." ते निमूट चालू लागले. रस्ताभर मी बडबडत होतो, मला आठवतं, आनंदाने बडबडत होतो.

लेव्हलमधून मी पुन्हा बघितलं नाही. पेटीत भरली आणि झाकण लावलं.

६

ताईने दाजींचा शर्ट धुवायला काढला आणि खिसे उलटे केले. दोन्ही खिशांत दहा-दहा शिंपले.

"ओले कसे रे हे?" तिने विचारलं. "दहाव्या जागेवर पाणी कुठे आलं?"

मी म्हटलं, हवेत ओल आहे. हवेत ओल होतीच.

दाजी निवृत्त झाले. ऑफिसने हार-तुरे घातले, भाषणं केली. दाजी बसवलं तिथे बसले, उठवलं तेव्हा उठले. मी आठवड्यातून एकदा चहाला जायचो. ताई इतकी खूश मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

"निवृत्तीने माणूस सुधारला बघ," ती म्हणाली. "वादावादी नाही, हे नको ते नको नाही. खुर्चीत बसवलं की संध्याकाळपर्यंत तिथेच. आणि कान तर इतके छान झालेत. आतून हळूच हाक मारली तरी ओ देतात."

"कान आपोआप बरे होतात होय?"

"तुझ्या वाऱ्यात उभे राहून गेले होते, आता घरात आले. रंग मात्र जरा उतरलाय. सावलीत बसून तसं होतं, नाही का?"

दाजी समोरच्या खुर्चीत बसले होते. मी हळू आवाजात म्हणालो, "दाजी, साहेबांना विसरलात का?" पूर्वी असं म्हटलं असतं तर त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं. आता ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "नाही." एवढंच. तासभर मी बसलो. त्यांनी पोटरी एकदाही घासली नाही.

घरी येताना मला एक गोष्ट आठवली आणि मी रस्त्यातच थांबलो. त्या दिवशी मी दंड धरला तेव्हा, "आधी हात कर," असं ते म्हणाले नव्हते. आणि त्याआधी माझा हात वर गेला होता, स्वच्छ वर. तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं की मी हात केला आणि दाजी हलले नाहीत.

निघताना ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. "शब्द पाळलास हो. माणूस धडधाकट परत आणलास."

७

नवं यंत्र आलं. त्यात सगळं सुलट दिसतं, आणि सगळेच सुलट असले तर ओळखायचं कसं? मी जुनी लेव्हल भंगारातून मागून घेतली. पुढच्या मोठ्या ओहोटीला एकटाच दगडापाशी गेलो. ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आत भांड्यांचा आवाज येत होता.

नुसत्या डोळ्यांना किनारा रिकामा होता. मी काच अकराव्या जागेवर जुळवली.

तो सुलट उभा होता. नवा शर्ट, पट्टी नाकासमोर. मी बघत राहिलो. मनातल्या मनात म्हणत होतो की ओली वाळू आहे, आरसा आहे, कुणीतरी असेल. मग त्याने उजवं पाऊल उचललं आणि डावी पोटरी घासली.

दाजी मला काचेत पहिल्यांदाच सुलट दिसत होते. मी तिपाईला धरून रडलो. महिनाभर ते तिथे होते. दिवसातून दोनदा भरती येते.

मग मला सुचलं. नियम काय? वीस जागा झाल्या आणि शेवटचा हात झाला की पट्टीवाला परत फिरतो. म्हणजे मी हात करत गेलो तर ते विसाव्यापर्यंत जातील आणि मग वळतील, घरी येतील. मी हात वर केला. काचेत दाजींनी खिशात शिंपला टाकला, पट्टी उचलली आणि नेमाने दहा पावलं चालून बाराव्या जागेवर उभे राहिले. मी पुन्हा हात उचलणार, तेवढ्यात आत भांडं पडलं.

"ताई?" मी हाक मारली. "काय झालं?"

"काही नाही रे," खिडकीतून तिचा आवाज आला. हसत होती, पण दचकलेली होती. "हे. पुढच्या खोलीत खुर्चीत होते, आपणहून कधी उठत नाहीत. आत्ता एकदम उठून इथे माझ्या मागे येऊन उभे राहिलेत. अगदी पाठीला लागतील असे. अहो, काय हवंय?"

मी हात खिशात घातले.

ताईचं घर लहान आहे. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत मोजून सोळा पावलं, पुरत्या दोन जागाही नाहीत. दाजींना विसाव्या जागेपर्यंत न्यायचं आणि परत फिरवायचं तर मला अजून नऊ वेळा हात वर करावा लागेल. नऊ हात म्हणजे त्या घरात अजून नऊ वेळा कुणीतरी जागा बदलणार, आणि पहिल्याच हाताला तो ताईच्या पाठीशी आलाय. मी ताईला चल म्हणून पाहिलं, माझ्याकडे राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, "ह्यांना सोडून?" म्हटलं, थोडे दिवस. ती रागावली. आता माझ्याशी बोलत नाही, तीस वर्षांपूर्वी बोलत नव्हती तशी.

दर मोठ्या ओहोटीला मी जातो. लेव्हल लावतो आणि बाराव्या जागेवर काच जुळवतो. दाजी असतात. माझ्याकडेच बघत असतात, हात कधी वर जातो याची वाट बघत. मी हात खिशात ठेवून काचेशी उभा राहतो आणि त्यांची माफी मागतो, मोठ्याने, वाऱ्यात. त्यांना ऐकू येत नाही.

मग भरती लागते. पाणी त्यांच्या घोट्याला येतं, गुडघ्याला येतं, छातीला येतं. पट्टी सरळच असते. पाणी हनुवटीला लागेपर्यंत मी बघतो, पुढे बघवत नाही. हलत नाहीत ते. मीच सांगितलं होतं.